आस्क लेटीचा लिलाव

२४ जून, सोमवार

नाव गेलं. होडी जागेवर आहे, किनाऱ्यावर ठोकळ्यांना टेकून उभी आहे, पण इंटरनेटवरचं तिचं नाव गेलं आणि ते माझ्यामुळे गेलं.

सकाळी दुकान उघडून सवयीने वेबसाइट लावली तर पांढरं पान. वर एकच ओळ: मुदत संपल्यामुळे हे नाव उपलब्ध नाही. रुबाबदार दिसावं म्हणून मी होडी समितीच्या नावाने एक वेगळा ईमेल काढला होता, त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. तो उघडला तर वर्षाची फी भरा, फी भरा, शेवटची सूचना, अगदी शेवटची सूचना, असे निरोप रांगेने बसले होते. मार्चपासून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. मार्चपासून मी काय करत होतो तेही मला ठाऊक आहे. वेस्ट एंडच्या होडीच्या सेक्रेटरीशी फेसबुकवर भांडत होतो, गेल्या शर्यतीत वळणावर कोण कोणाला आडवं आलं यावरून.

ऑस्बर्न कार्टी, समितीचा सेक्रेटरी, गावातला एकुलता एक कॉम्प्युटरवाला, आणि गेल्याच बैठकीत जबाबदारी या विषयावर सगळ्यांचं डोकं खाणारा माणूस. शाबास.

दुपारी थीओ कॉनर दुकानात डोकावला. आमच्या होडीचा कप्तान. "काय रे सेक्रेटरी, साइट झोपली का तुझी?"

"दुरुस्ती चालू आहे," मी म्हणालो.

"फोन दुरुस्त करायला तुला दोन आठवडे लागतात, म्हणजे ही नाताळला उघडणार!" तो हसत गेला. मीही हसलो. माझं हसू मलाच कसनुसं वाटलं.

वर्नीसला सांगितलं नाही. बायकोला सांगायला हवं होतं, पण ती म्हणाली असती, मी एप्रिलमध्ये विचारलं होतं. आणि तिने खरंच विचारलं होतं.

२६ जून, बुधवार

नावांची नोंदणी करणाऱ्यांना फोन केला. बाई गोड बोलली. परत मिळवायची सवलतीची मुदतही उलटून गेली, आता हे नाव मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात जाणार, पाच जुलैला सुरू, पंधराला दुपारी बंद, जगातल्या कोणालाही बोली लावता येईल. म्हणजे आपलंच नाव आपण चार परक्यांशी झटापट करून घ्यायचं.

दुसरं कुठलं बेट असतं तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण आमच्या अँग्विलाच्या पत्त्यांच्या शेवटी जी दोन अक्षरं येतात, एआय, तीच आता विचार करणाऱ्या यंत्रांचं नाव झाली. जगभरच्या कंपन्या आमच्या शेपटीवर तुटून पडल्या आहेत. त्यात आमचं नाव आस्क लेटी, लेटीला विचारा. यंत्राला प्रश्न विचारायच्या दुकानावर याहून चांगली पाटी कुठली मिळणार?

दर ऑगस्टला शर्यतीचं थेट प्रक्षेपण त्याच पत्त्यावरून जातं. इंग्लंडमध्ये स्लाऊला आमचं अर्धं गाव राहतं, ते तिथे बसून बघतं, ओरडतं आणि शिडासाठी पैसे पाठवतं. उद्या त्याच पत्त्यावर कुठलं तरी यंत्र बसलं आणि तिथे कोणी 'लेटी पुढे आहे का' असं विचारलं, तर ते काय सांगेल?

३० जून, रविवार

चर्च सुटल्यावर लेटीआंटीने गाठलं. होडीला जिचं नाव, तीच ही लेटी. गावात भांडण होवो, मूल रडायचं थांबत नसो, उत्तर एकच असायचं, लेटीला विचार. होडी बांधून झाली तेव्हा नावावरून महिनाभर हमरीतुमरी चालली होती, शेवटी सगळे तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "माझं नाव कुठल्याही लाकडावर घालायचं नाही, बाकी काय वाटेल ते ठेवा." म्हणून हे ठेवलं. तिने आठ दिवस कोणाशी बोलणं ठेवलं नाही, आणि पहिल्या शर्यतीला सगळ्यात पुढे खुर्ची टाकून बसली.

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. माझा आवाज ऐकून हात पुढे केला. "ऑस्बर्न, स्लाऊच्या पोरी विचारतायत, पान का लागत नाही म्हणून."

"दुरुस्ती आहे, आंटी. मोठी आहे जरा."

"हं." तिने माझ्या गालावर हात ठेवला. "जेवतोस ना रे वेळेवर?"

मला कळेना, साइटचा आणि जेवणाचा काय संबंध. वर्नीस शेजारी उभी राहून आपल्या पायांकडे बघत होती. नवीन चपला चावत असतील.

४ जुलै, गुरुवार

चार दिवस दुसरं काही वाचलेलं नाही. लिलावात मुरलेले लोक काय काय लिहून ठेवतात! एक गोष्ट सगळेच बजावतात, आपल्याला नाव हवंय हे कोणाला कळू द्यायचं नाही. ते सारखं शोधून बघायचं नाही, मित्रांत बोलायचं नाही. तसलीच नावं आधी कितीला गेली ते शांतपणे पाहायचं आणि लिलाव सुरू व्हायच्या आत आपली मर्यादा ठरवून टाकायची, एकदा ठरली की देवाची शपथ. पहिल्या दिवशी उड्या मारायच्या नाहीत, त्याने फक्त गर्दी जमते. बोली शेवटाला लावायची. आणि आकडा गोल नको. लोक आपली मर्यादा गोल आकड्याला ठेवतात, आपण वर थोडी चिल्लर लावली की ते मागे पडतात.

माझी मर्यादा चार हजार अमेरिकी डॉलर. सँडी ग्राउंडच्या एका माणसाला माझ्या मासेमारीच्या बोटीचं इंजिन विकलं, त्याचे तेवढेच आले. वर्नीसला सांगितलं, इंजिन दुरुस्तीला दिलंय. सध्या माझ्या आयुष्यात सगळंच दुरुस्तीला आहे.

८ जुलै, सोमवार

लिलाव शुक्रवारीच सुरू झाला. पाच-सहा जण घुटमळतायत, आकडा अजून शंभरांत. पानावर कोणाचं नाव दिसत नाही, फक्त बोलीदार एक, बोलीदार दोन असं. मी पाच आहे. मी गप्प बसून आहे आणि बसवत नाही.

रात्री जेवताना कोणाशी तरी बोलावंसं वाटलं. म्हटलं, "एक गिऱ्हाईक आहे माझं. त्याला लिलावात एक नाव घ्यायचंय."

वर्नीसचा भाताचा डाव हवेतच थांबला. "अस्सं? मग कसं घेतात ते?"

मी सांगितलं. मर्यादेचं सांगितलं, शेवटाला बोलायचं सांगितलं, चिल्लरीचंही सांगितलं. ती एकेक नीट विचारत होती.

"म्हणजे अगदी शेवटच्या मिनिटाला?"

"शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोललं की वेळ पाच मिनिटांनी वाढते. म्हणून घाबरायचं नाही. समोरच्याला आपण लगेच उत्तर दिलं की त्याला वाटतं, याच्या खिशाला तळ नाही. मग तो गळतो."

"लगेच उत्तर द्यायचं," ती म्हणाली. "हे बरंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या धंद्यात तिने एवढा रस कधी घेतला नव्हता. उगाच तिला कमी समजत आलो. झोपताना वाटलं, खरं सांगून टाकावं. मग वाटलं, जिंकून सांगू.

१० जुलै, बुधवार

नवा एक आलाय. बोलीदार सात. आल्या आल्या अकराशे सदतीस. चिल्लर! बाकीच्यांतले दोघे तिथेच गारद झाले. याला धंदा कळतो. मी त्याचं नाव कॅलिफोर्निया ठेवलंय. डोळ्यांसमोर येतो, काचेच्या खोलीत बसलेला, अनवाणी पाय टेबलावर टाकून, पांढरे दात.

रागाच्या भरात मी बाराशे म्हणालो. नियम मोडला. दोन मिनिटांत त्याचे बाराशे त्रेपन्न. लगेच उत्तर. मला वाटलंच होतं, हाही तीच पुस्तकं वाचून आलाय.

वर्नीसचा फोन दिवसभर टुणटुण वाजतोय. विचारलं तर म्हणाली, लेटीआंटीला बरं वाटत नाहीये. संध्याकाळी तिच्याकडे गेली ती दोन तासांनी आली. मी एकट्याने थंड वाटाणाभात खाल्ला.

११ जुलै, गुरुवार

दुपारी गावाची वीज गेली, टॉवरही बंद. मी घामाने निथळत बसलो, आता कॅलिफोर्निया पळवणार म्हणून. चार वाजता वीज आली. त्यानेही तेवढ्या वेळात काही केलेलं नव्हतं. नशीब म्हणायचं. वीज येऊन दहा मिनिटं झाली आणि त्याची बोली आली.

थीओ आणि समितीतले आणखी दोघे माझ्या दुकानासमोर झाडाखाली डॉमिनो खेळत होते. मी बाहेर आलो की त्यांचं बोलणं थांबतं. थीओने आज टोमणासुद्धा मारला नाही. उलट म्हणाला, "बस की रे, एक डाव टाक." त्याच्या तोंडी एवढं गोड बोलणं मी त्याच्या आईच्या मयतीलाही ऐकलं नव्हतं. त्यांना कळलं असेल का? कळलं असतं तर थीओने भर रस्त्यात माझी सालटी काढली असती. नाही, कळलेलं नाही.

१४ जुलै, रविवार

आम्ही दोघंच उरलोय. तीन हजार सहाशेच्या वर आहोत. सकाळी चर्चला जायच्या आधी मी बोली लावली. म्हटलं, आता हा दोन मिनिटांत उत्तर देणार आणि मला प्रार्थनेत चित्त लागणार नाही. पण नाही. प्रवचन झालं, भजनं झाली, घरी आलो, टोपी काढली, तेव्हा उत्तर आलं. मी बोली लावली तेव्हा कॅलिफोर्नियात पहाट असणार. देवभीरू दिसत नाही, उशिरा उठणारा असेल.

उद्या दुपारी बारा वाजता संपतंय. देवा, चार हजारांत होऊ दे.

१५ जुलै, सोमवार

झालं. जे झालं ते सगळं लिहितो.

आज दुकानात गेलो नाही, तिथे दहा डोळे असतात. डोकं दुखतंय म्हणून घरीच पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. सोमवारी वर्नीसला हॉटेलच्या स्वयंपाकघरातून सुट्टी असते. म्हणाली, "मी जॉनी केक तळते. दार लावून घेते, तुला आवाज नको." स्वयंपाकघराचं दार लागलं. मला तिचं कौतुक वाटलं.

साडेअकराला तो तीन हजार नऊशेवर होता. मी शेवटच्या चार मिनिटांत चार हजार टाकले, माझ्याकडचे सगळे. चार हजार एकवीस, लगेच. चिल्लर.

संपलं. मर्यादा म्हणजे शपथ. लॅपटॉप मिटायचा होता. मी मिटला नाही.

आमच्या शर्यतीत वाटेचा हक्क नावाचा प्रकार नाही. दोन होड्या समोरासमोर आल्या की आधी कोण वळतो ते बघायचं. ताकदीचा कप्तान दुसऱ्याला रेटत रेटत खडकांकडे नेतो आणि शेवटच्या क्षणी आपण वळतो. याला आम्ही फोर्स करणं म्हणतो आणि यावरून आमच्याकडे लग्नं मोडलीत. मला वाटलं, हा माणूस दर वेळी उत्तर देतो. मी काहीही म्हणालो तरी देतो. त्याला नाव मिळणारच आहे, मग स्वस्तात का मिळावं? आमची लेटी काय रस्त्यावर पडलीय? घ्यायचं असेल तर रडत घे म्हणावं.

साडेचार म्हणालो. त्याने उत्तर दिलं. पाच. उत्तर. माझ्याकडे एक पैसा नव्हता. तो थांबला असता तर गळ्याशी आलं असतं, पण तो थांबत नव्हता आणि मला चढत गेली, खोटं कशाला लिहू, गेल्या महिन्याभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. सहा. सात. दर वेळी पाच मिनिटं वाढत होती, दर वेळी तो येत होता. आठ हजार म्हणालो तेव्हा मात्र तो आला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन, चार. आठ हजार कुठून आणणार होतो? घर? जागा? मी मोठ्याने म्हणालो, ये ना रे बाबा, ये. शेवटच्या काही सेकंदांत आला. आठ हजार नव्वद.

मग मी लॅपटॉप मिटला. बारा कधीच वाजून गेले होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

दार उघडून वर्नीस आली. चेहरा लालबुंद, डोळे पुसत होती. म्हणाली, तेलाचा धूर गेला. सगळे जॉनी केक करपले होते. तिच्या हातून असं कधी झालेलं नाही. आम्ही दोघांनी ते तसेच खाल्ले.

१६ जुलै, मंगळवार

नाव गेलं. पण त्याला महाग पडलं. सकाळपासून हेच मनात घोळवतोय आणि त्यातून थोडं बरं वाटतंय. तेवढं तरी मी लेटीसाठी केलं. रविवारी समितीला सगळं सांगेन, राजीनामा देईन. भाषण लिहून ठेवलंय.

२१ जुलै, रविवार

भाषण तसंच खिशात राहिलं.

चर्च सुटल्यावर वर्नीस म्हणाली, किनाऱ्यावर चल जरा. होडीजवळ अर्धं गाव जमलं होतं. टेबलं मांडली होती, शंखातल्या मांसाच्या सुपाचा मोठा टोप, भात, तळलेले मासे. मी आल्यावर टाळ्या वाजल्या. मला वाटलं, कोणाचा तरी वाढदिवस असेल.

थीओने माझ्या खांद्यावर हात टाकला. "सेक्रेटरी, तुझी साइट दुरुस्त झाली बरं का!"

मग वर्नीस बोलली. स्लाऊहून तिला जूनमध्येच फोन आला होता, नाव सुटल्याचा. तिने मला विचारलं नाही, कारण माझा चेहरा तिने पाहिला होता. ती लेटीआंटीकडे गेली. लेटीआंटी म्हणाली, पोराला एक शब्द बोलायचा नाही, तो मनाला लावून घेतो, डॉमिनोत हरला तर आठवडाभर घराबाहेर पडत नाही. गुपचूप सोडवून आणू आणि त्याच्या हातात देऊ. थीओने सगळ्यांना दम दिला होता, जो ऑस्बर्नला चिडवेल त्याला होडीवर पाय ठेवू देणार नाही.

"आणि लिलाव लावला कोणी?" थीओ ओरडला. "तुझ्या बायकोने! स्वयंपाकघरात बसून! तुझेच डाव वापरून, गाढवा! तूच शिकवलंस तिला जेवताना!"

सगळे हसले. वर्नीस माझ्याकडे बघून हसत होती, डोळे भरलेले. तिने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिल्याला किती वर्षं झाली असतील.

लेटीआंटी म्हणाली, "सोपं नव्हतं बाळा. एक मेला हलकट होता त्यात. सोडेचना. आम्हाला वाटलं होतं, तीन-चार हजारांत होईल, शीड पण होईल. पण तो वर वर चढवत गेला. शिडाचे सगळे गेले. आठ हजार म्हणाला तेव्हा पोरीने रडत फोन केला, आंटी, पैसे संपले. मी म्हटलं, माझी भिशी लागलीय ना या महिन्याची, ती घाल. सेंट मार्टिनला डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, पुढच्या वर्षी करू. माझे डोळे कुठे पळून जातायत?"

पुन्हा सगळे हसले. थीओ म्हणाला, जुन्या शिडाला ठिगळं लावून उतरू, वेस्ट एंडला तेवढं पुरेल. कोणीतरी माझ्या हातात सुपाचा वाडगा दिला. मी म्हणालो, धन्यवाद. आणखी काहीच म्हणालो नाही. सगळ्यांना वाटलं, मला गहिवरून आलंय.

२२ जुलै, सोमवार

नाही लिहवत.

२५ जुलै, गुरुवार

थीओ आणि पोरं किनाऱ्यावर शिडाला ठिगळं लावतायत. मी सुईदोरा धरायला गेलो तर म्हणाले, तू जा, तू साइट बघ. वेबसाइट लागली आहे. मीच लावली. नाव आता माझ्या हवाली आहे, सगळ्यांनी मिळून दिलंय. पुढच्या दहा वर्षांची फी भरून टाकली, इंजिनच्या पैशांतून. उरलेले लेटीआंटीला द्यायला गेलो तर हसली. "मला कशाला? ते तुझ्या इंजिनाचे आहेत. वर्नीसला ठाऊक आहे, सँडी ग्राउंडला तिचा मावसभाऊ राहतो." मग गंभीर झाली. "तू इंजिन विकून आम्हाला मदत करायला बघत होतास ना रे?"

मी हो म्हणालो. ती माझा हात बराच वेळ धरून बसली. पैसे परत घेऊन आलो.

वाटलं होतं, लाज दोन-चार दिवसांनी कमी होते. होत नाही. सकाळी तोंड धुताना आरशात बघायचं टाळतो.

२७ जुलै, शनिवार

आज वर्नीसला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणालो, "तो हलकट मी होतो."

तिला आधी कळेना. मग तिने चिमटे खाली ठेवले. "कुठला? लिलावातला?"

"हो."

ती एकदम हसायला लागली. पोट धरून हसली. "तू तिकडे, मी इकडे! मध्ये एक दार! अरे देवा, आणि मी तुझ्या डोकेदुखीच्या नावाखाली दार लावलं!" हसता हसता तिला उचकी लागली. मला वाटलं, सुटलो.

मग ती हळूहळू थांबली. "तुझ्याकडे तर चार हजारच होते."

"हो."

"मग पाच कशाला म्हणालास? सात कशाला? आठ?"

मी खाली ठेवलेले चिमटे गोळा करायला लागलो.

"तुला नाव घ्यायचंच नव्हतं तेव्हा."

"त्याला महाग पडावं म्हणून," मी म्हणालो. "मला वाटलं, कोणी परका आहे."

"परका असता तर चाललं असतं?"

तिने एक चादर झटकून दोरीवर टाकली, मग दुसरी. आमच्या मध्ये दोरीवर चादरी होत्या, तिचा चेहरा दिसत नव्हता. शेवटी म्हणाली, "पहिलं सांग सगळ्यांना. हसतील, सोडून देतील. हे दुसरं सांगू नकोस. लेटीआंटीला तर मुळीच नाही. तिने डोळे दिलेत त्यात."

"खोटं बोलू?"

"मी कुठे बोल म्हणतेय? गप्प राहा. ते जमतं तुला."

५ ऑगस्ट, ऑगस्ट मंडे

ऑगस्टचा पहिला सोमवार, सुट्टीचा आणि शर्यतीचा दिवस. नऊ होड्या होत्या, आम्ही सातवे.

मी किनाऱ्यावरून प्रक्षेपण करत होतो, फोन काठीला बांधून. लेटीआंटी शेजारी खुर्ची टाकून बसली होती. तिला पाणी आणि आभाळ एवढंच दिसतं, बाकी सगळं धुकं. म्हणून स्लाऊला सांगायचं ते मी तिलाही सांगत होतो. आता सुटल्या. आता वळणाशी आल्या. वेस्ट एंड आपल्यावर चाल करून येतेय. थीओ हटत नाहीये. मग वरच्या ठिगळापाशी शीड फाटलं आणि होडी नुसती डोलत राहिली.

"काय झालं?" लेटीआंटीने विचारलं. "ओरडतायत का सगळे?"

"वारा पडला," मी म्हणालो.

"वारा तर लागतोय मला तोंडाला."

स्लाऊहून निरोप येत होते, हरकत नाही, नाव आपलंय ना, पुढच्या वर्षी बघू. शिडासाठी पुन्हा पैसे पाठवायला काहींनी सुरुवातही केली. मी एकेकाचं नाव मोठ्याने वाचून आभार मानत होतो.

संध्याकाळी सगळे वाळूत बसले. थीओचे तळहात सोलवटले होते, पण मूड चांगला होता. हरल्यावर आमच्याकडे जिंकल्यापेक्षा जास्त पितात. मी उभा राहिलो आणि सांगितलं, लिलावातला तो दुसरा माणूस मी होतो.

मग थीओ मागे वाळूत आडवा झाला आणि पाय झाडत हसायला लागला. "नवरा-बायको! एका घरात! अरे, यांना कोणीतरी एकमेकांशी बोलायला शिकवा!" बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. कोणी म्हणालं, याचं गाणं करायला पाहिजे. कोणी म्हणालं, पुढच्या होडीचं नाव कॅलिफोर्निया. मला पाठीवर इतक्या थापा बसल्या की पाठ हुळहुळली. मीही हसत होतो. खरंच हसत होतो, ते जास्त वाईट.

लेटीआंटी हसायची थांबली. तिने आवाजाच्या दिशेने तोंड केलं, थोडं चुकून, माझ्या डावीकडे.

"पण ऑस्बर्न, तुझ्याकडे तर इंजिनाचेच होते ना? मग शेवटी एवढं का रे चढवत गेलास?"

हसणं विरत गेलं. थीओ कोपरावर उठून बसला. मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, हे मी इथे लिहून ठेवतो, मला खरंच सांगायचं होतं.

"बटण अडकलं होतं त्याचं, आंटी," वर्नीस म्हणाली. "तो लॅपटॉप जुनाय. एकदा दाबलं की आपोआप चढतच जातं."

"अरेरे," लेटीआंटी म्हणाली. "आणि हा बिचारा तिकडे घाबरला असेल."

"घाबरला होता," वर्नीस म्हणाली. "घामाघूम झाला होता."

सगळे चुकचुकले. थीओ म्हणाला, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचाच कॉम्प्युटर बिघडलेला, आणि पुन्हा हशा पिकला. लेटीआंटीने टोपात डाव घातला, चाचपून चाचपून शंखाचा सगळ्यात मोठा तुकडा शोधला आणि माझ्या वाडग्यात टाकला. "खा बाळा. वाळलायस किती." मी खाल्ला.

निघताना वर्नीसने रिकामा टोप उचलला. मी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. ती मागे जाऊन बसली, टोप मांडीवर घेऊन.

"पुढे ये की," मी म्हणालो.

"नको. सूप सांडेल," ती म्हणाली.